आखाडात मटण न खाणारा भाऊ

ताई, मी २९ वर्षांचा आहे. गाव मुळशी तालुक्यात, राहायला वारज्याला, नोकरी हिंजवडीत. दोन वर्षांपूर्वी गावच्या यात्रेला जे बोकड कापलं, त्याला वर्षभर दर शनिवारी-रविवारी मीच पाला टाकत होतो. त्या दिवशी पाय धरायलाही मीच होतो. तेव्हापासून मटण, चिकन, मासे, अंडी सगळं सुटलं. घरी खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून ‘युरिक ॲसिड वाढलंय, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय’ असं ठोकून दिलं. चुलत भाऊ ‘गवत्या’ म्हणतात, ‘बामन झाला’ म्हणतात, ग्रुपवर माझं नाव ‘पालेभाजी’ करून ठेवलंय. मागच्या आखाडाला थोरल्या चुलत भावाने बटाट्याचा रस्सा म्हणून मटणाचा रस्सा वाढला. दोन घास पोटात गेल्यावर सगळे हसायला लागले, व्हिडिओही काढला. मी पण हसलो. नंतर मोरीत जाऊन उलटी केली. ऑफिसातही शुक्रवारी बिर्याणी असली की ‘तू रायता खायला येतोस का’ सुरू होतं. आई काही बोलत नाही, पण ‘आता माझ्या हातचं कुठं आवडतं तुला’ असं मध्येच म्हणते, ते सगळ्यात जास्त लागतं. यंदाचा आखाड आमच्याच शेतावर आहे. जाऊ की काहीतरी कारण काढू?

– आखाडातला उपाशी, वारजे

---

जा. आखाडाला जायचंच. भावकी एकत्र जेवायला बसते असे दिवस वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक भावांच्या जिभेला भिऊन सोडलास तर पुढच्या वर्षी यात्रा सोडशील, मग एखादं लग्न सोडशील. फक्त मागच्या वर्षी गेलास तसा जाऊ नकोस. त्याआधी काही कामं उरकायची आहेत.

पहिलं काम रश्श्याचं. ‘गवत्या’, ‘पालेभाजी’, ‘बामन’ आणि तो रस्सा हे सगळं तू एका दमात लिहिलंयस, जणू एकाच माळेचे मणी. मला तसं वाटत नाही. नाव ठेवणं ही चेष्टा झाली. खोटं सांगून ताटात मटणाचा रस्सा वाढायचा आणि वर मोबाइल रोखून बसायचं, ही फसवणूक आहे. तुझ्या आजीच्या एकादशीच्या खिचडीत कुणी असं काही मिसळलं असतं, तर त्याला चुलत्यांनी अंगणात उभं करून झापलं असतं. तुझ्या बाबतीत तसं झालं नाही, याचं एक कारण तूही आहेस: तू हसलास. मोरीतली उलटी कुणी पाहिली नाही, हसणं मात्र सगळ्यांनी पाहिलं. त्या भावाच्या लेखी तो आखाड झकास झाला. त्याला यंदाही तसलंच काही सुचत असेल, तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून त्याला आधी गाठ. ग्रुपवर नाही, आणि पंगतीत तर मुळीच नाही. दोघंच चहाला बसा आणि सांग, ‘दादा, मागच्या वर्षी रस्सा वाढलास ते मला चाललं नाही. घरी कुणाला कळलं नाही, पण मी ओकलो. परत असं झालं तर मी ताटावरून उठून जाईन. आणि तो व्हिडिओ काढून टाक.’ एवढंच. तो म्हणणार, ‘आरं, गंमत होती.’ त्यावर ‘तुझी होती, माझी नव्हती’ म्हण आणि विषय बदल. त्याच्याकडून माफी वदवून घ्यायच्या फंदात पडू नकोस. आपल्याकडे थोरले भाऊ माफी मागत नाहीत. ते पुढच्या वेळी गुपचूप वेगळं पातेलं ठेवतात. ते पातेलं दिसलं की माफी मागितली असं समज.

आखाडाला स्वतःची गाडी घेऊन जा, हेही सांगून ठेवते. दुसऱ्याच्या गाडीत बसून गेलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, तो रात्री अकरापर्यंत तिथेच कुढत बसतो. गाडीची किल्ली खिशात असली की बहुधा उठायची वेळच येत नाही. तरी आलीच, तर आरडाओरडा न करता हात धू, चुलत्यांना ‘निघतो’ म्हण आणि निघ.

आणि ज्या बाईच्या हातात स्वयंपाक आहे तिच्याशी बोल. काकू असेल, वहिनी असेल. कुठल्या पातेल्यात काय आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिने एकदा ‘ह्याच्या वाटंला जायचं नाही’ म्हटलं की भावांची चेष्टा जागच्या जागी थांबते. भातही तिलाच विचार. आखाडात बऱ्याच घरी भात अळणी पाण्यात, म्हणजे मटण उकडलेल्या पाण्यात शिजवतात. तो दिसायला पांढराच दिसतो. तुला त्याच डावाने वाढलेलं चालतं का, रश्श्याच्या पातेल्याशेजारच्या तव्यावरची भाकरी चालते का, हे तू आधी स्वतःशी ठरव. मी असते तर तव्याचं मनावर घेतलं नसतं, डाव मात्र वेगळा मागितला असता. तुझी रेघ तू आख, पण ती पंगतीत बसल्यावर आखू नकोस.

आता भाऊ तुला का डिवचतात त्याकडे येते. तुमच्या भावकीत एखादे माळकरी आजोबा किंवा काका नक्की असतील, मुळशीत माळकरी नाही असं गाव मिळणं अवघड. ज्येष्ठात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा दर्शनाला जाणारी, वारकऱ्यांना चहा-पोहे वाटणारी किती तरी घरं एकादशी सरली की आखाडाचं मटण सांगून ठेवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नाही. (मी मटण खाते. आवडीने खाते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुझे भाऊ म्हणतील, ती बाईपण गवतच खात असणार.) त्याच आखाडात ते माळकरी काका कोपऱ्यात पिठलं-भाकरी खात बसलेले असतात. त्यांना कुणी ‘गवत्या’ म्हणतं का? उलट त्यांचं पान आधी वाढलं जातं.

फरक पदार्थात नाही. काकांनी का सोडलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात बाकीच्यांच्या ताटावर शेरा नाही. तू का सोडलंस ते कुणालाच माहीत नाही. युरिक ॲसिडवर त्यांचा विश्वास नाही, हे तुलाही कळतंय. मग ते आपापले अंदाज बांधतात, आणि त्यातला पहिला अंदाज ‘बामन झाला’ या दोन शब्दांत आहे. ही नुसती थट्टा समजून सोडून देऊ नकोस. पुण्यात भाड्याने घर बघायला गेलं की ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ हे वाक्य जाहिरातीत भेटतं, दलालाच्या तोंडी भेटतं. तुझे भाऊ नोकरीसाठी शहरात आले असतील तर त्यांनी ते ऐकलंय. ‘आमच्या सोसायटीत वास चालत नाही’ हेही ऐकलंय. आपण जे खातो त्यावरून कुणीतरी आपल्याला खालचं समजतं, हा अनुभव घेऊन ती पोरं वाढली आहेत. अशात घरातलाच एक जण, हिंजवडीत नोकरीला लागलेला, एके दिवशी ताट बाजूला सारतो. त्यांना काय वाटेल? हाही आता तिकडचा झाला, आपल्याकडे बघून नाक मुरडतो. म्हणून ते तुझ्याआधी तुला टोचून घेतात.

तेव्हा तुला त्यांना पटवायचं आहे ते एवढंच, की तू त्यांच्या ताटाकडे नाक मुरडत नाहीस. मटणाचे तोटे सांगून ते पटणार नाही. कोलेस्टेरॉल, पाप, ‘आपली संस्कृती शाकाहारी’ यातलं काहीही तोंडातून निघालं तर त्यांचा अंदाज खरा ठरला म्हणून समज. शिवाय ते शेवटचं खरंही नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर सहा पुरुषांमधले पाच जण मांसाहार करतात. थोडे तुम्ही न खाणारे आहात, ते नाहीत.

आणि कुणी सुचवेल, ‘मग घालून टाक ना माळ, कटकट मिटेल,’ तर ते करू नकोस. माळेबरोबर एकादशी येते, वारी येते, नियम येतात. नुसती ढाल म्हणून गळ्यात घातलीस तर त्या कोपऱ्यातल्या काकांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटेल.

युरिक ॲसिडचं सोंग मात्र यंदा संपव. मला त्यात खोटेपणाचं एवढं वावडं नाही, घरोघरी असली औषधी खोटी कारणं चालतात. अडचण अशी की आजार म्हटलं की समोरच्याच्या अंगात वैद्य संचारतो. ‘युरिक ॲसिडला गावठी कोंबडी चालते.’ ‘अंड्याचा पांढरा भाग खा.’ ‘आमच्या मेव्हण्याचं दोन महिन्यांत उतरलं, आता तो पाया सूप पितो.’ आणि दोन वर्षं झाली, आता रिपोर्ट दाखव म्हणाले तर काय दाखवणार आहेस?

खरं कारण तुझ्या पत्रातच आहे, आणि ते सांगायला एक वाक्य लागतं. ‘त्या यात्रेच्या बोकडापासून मला घशाखाली उतरत नाही.’ बस. यात तत्त्वज्ञान नाही, कुणाला दोष नाही. फक्त तुझ्या घशाची गोष्ट आहे. हे शहरातल्या मित्रांना कदाचित समजणार नाही, पण गावातल्या माणसाला समजतं. ज्यांनी जनावर वाढवलंय आणि ज्यांनी पाय धरलेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात त्या वेळी काहीतरी हललेलं असतं, कबूल कुणी करत नाही इतकंच. हसतील, नाही असं नाही. ‘बोकडाच्या प्रेमात पडला’ म्हणतील. ते हसू मी तुला टाळून देऊ शकत नाही. पण खऱ्या गोष्टीवरचं हसू लवकर शिळं होतं.

त्यानंतर तुझं काम कंटाळवाणं होण्याचं. ‘काय रं गवत्या?’ – ‘हां, भाकरी दे.’ ‘मटण बघून तोंडाला पाणी सुटत नाही?’ – ‘नाय. ठेचा सरकव.’ चिडायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, त्यांच्यापेक्षा भारी कोटी करायला जायचं नाही. पुणेरी माणसाला हे शेवटचं पथ्य फार जड जातं. तिरकस उत्तर सुचलं की ते गिळवत नाही. पण कोटीला कोटी दिलीस की जुगलबंदी सुरू होते, आणि जुगलबंदीत सहा भावांपुढे तू एकटा हरणार. ‘पालेभाजी’ हे नाव ग्रुपवर राहू दे. भावकीत टोपणनाव नसलेला माणूस मी तरी पाहिला नाही, आणि पालेभाजी म्हणजे फार वाईट नाव नव्हे. ‘बामन’ मात्र एकदाच, थोरल्यांपैकी कुणी बसलेलं असताना, शांतपणे थांबव: ‘खाण्यावरून जात काढू नका. आपल्याला कुणी काढलेली आवडते का?’ एकदाच. रोज नाही.

‘झाडांनाही जीव असतो, जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलंय’ हे तुला कुणी अजून म्हटलं नसेल तर यंदा म्हणेल. बोसांनी वनस्पती बाहेरच्या आघाताला प्रतिसाद देतात हे यंत्रांनी दाखवून दिलं होतं, ते खरंच मोठं काम. पण हा मुद्दा काढणारा भाऊ पानाफुलांच्या काळजीने तो काढत नाही. त्याच्याशी वाद घालायला बसलास तर भाकरी गार होईल.

‘प्रोटीन कुठून मिळतं तुला?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी टोमणा नसतो. आत्या विचारते तेव्हा तिला खरंच काळजी असते. तिला नीट उत्तर दे. आपल्याकडची शिफारस साधारण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२-२४ ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यात २५, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या वर. मटकीची उसळ, पिठलं, दाण्याचं कूट, ताक-दही रोज जेवणात असेल तर हिशेब बसतो. डबा नुसता बटाट्याच्या भाजीचा आणि रात्री वडापाव असेल तर बसत नाही. तू अंडीही सोडलीस म्हणून आणखी एक: बी १२ तपासून घे. ते भाज्या-डाळींतून मिळत नाही, दुधातून थोडं मिळतं, आणि कमी पडलं तर हातापायाला मुंग्या येणं, थकवा असलं सुरू होतं. डॉक्टर खरंच गाठायचाच असेल तर यासाठी गाठ.

ऑफिसचं मला फारसं गंभीर वाटत नाही. तिथली चेष्टा शुक्रवारपुरती असते आणि सोमवारी कुणाच्या लक्षात राहत नाही. तिथे खरा त्रास बहुतेक काँट्रीचा असतो, सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे आणि तू पनीरची एक वाटी खायची. ऑर्डर द्यायच्या आधी ‘माझं वेगळं धरा’ म्हण. बिल आल्यावर म्हणालास तर कंजूष ठरशील. आणि महिन्यातून एकदा जागा तू ठरव. रविवारी सकाळी मिसळ खायला चला म्हटलं तर पुण्यात कुणी नाही म्हणेल असं वाटत नाही.

राहिली आई. तिला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिचं वाक्य बाकीच्यांच्या वाक्यांसारखं नाही. ती तुझी टिंगल करत नाहीये. रविवारी सकाळी उठून कांदा-खोबरं भाजायचं, वाटण करायचं, तू उठेपर्यंत घरभर वास सुटलेला असायचा. वर्षानुवर्षं तिची माया त्या पातेल्यातून तुझ्यापर्यंत पोहोचायची. ते पातेलं तू बंद केलंस आणि दुसरं काही मागितलं नाहीस. ‘माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, मी दही-भात खाईन’ असं म्हणाला असशील. तुला वाटलं आपण तिचा त्रास वाचवला. तिला वाटलं आपली गरज संपली.

तर मागायला सुरुवात कर, आणि हट्टाने मागायला. तिचं वाटण तेच, काळा मसाला तोच. त्यात भरली वांगी होतात, डुबुक वडे होतात, शेवेची भाजी होते. ‘आई, तुझ्या मटणाच्या वाटणातला रस्सा खाऊन दोन वर्षं झाली, त्यात वांगी कर’ असं एकदा म्हणून बघ. खरं कारणही भावांच्या आधी तिला सांग. डॉक्टरांचं कारण तिने आतापर्यंत खरं धरलं असेल तर दोन वर्षं तिने तुझ्या तब्येतीची फुकट काळजी केली. थोडी रागावेल. तेवढं खायचं.

आणि तिच्याकडून मासवडी शिकून घे. जुन्नर-आंबेगावकडे मासवडी-रस्सा पाहुण्यांना आवर्जून करतात. तुमच्याकडे होत नसेल तर तिकडची एखादी मावशी-आत्या शोध. मासवडीत मासा नाही की मांस नाही. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, लसणाचं सारण पसरायचं, गुंडाळी वळून वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या. पहिल्या दोन खेपांना गुंडाळी फुटेल, बेसन हाताला चिकटेल. तिसऱ्यांदा जमेल. आखाडाला हीच घेऊन जा, तुझ्या हातची. तशी आखाडाला न्यायला कापण्याही चालतील. आपल्या घरांतून आखाड तळायचा म्हणून गुळाच्या कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करतात, तेही पोरं विसरत चालली आहेत. पण कापण्यांनी तुझं जेवण होणार नाही, मासवडीने होईल.

शेतावर पोहोचलास की मोबाइल घेऊन बांधावर बसू नकोस. चूल पेटव, कांदा चीर, पाण्याचे जार उचल. पंगत बसली की वाढायला उभा राहा. वाढणाऱ्याची चेष्टा करायला लोक जरा बिचकतात, कारण पुढची भाकरी त्याच्याच हातात असते. मटणाचं पातेलं तुला हातात धरवेल का, ते मला इथून सांगता येणार नाही. धरवलं आणि तू दादाच्या ताटात स्वतः दोन फोडी जास्त वाढल्यास, तर नाक मुरडण्याचा विषय तिथेच मिटला. त्यापुढे कुणाला काही बोलायची गरज उरणार नाही. नाही धरवलं तर भाकरी आणि कांदा-लिंबू वाढ, तेही कामच आहे. जबरदस्ती करू नकोस स्वतःवर, दोन वर्षांपूर्वी एकदा केलीस तेवढी पुरे.

काकूंना फोन करशील तेव्हा माणसं किती येणार ते विचारून घे, आणि मासवडीचा रस्सा तुझ्या एकट्याच्या मापाने करू नकोस. दहा जणांना पुरेल एवढा कर. मटणाला वेळ लागतो आणि भूक आधी लागते. ‘बघू रं, काय आणलंय’ म्हणत निम्मे जण त्यातलंच वाढून घेतील.